तुझा उन्हाळ, माझा लाल

सुनंदावहिनी, मृणाल, जावईबापू, सटाण्याहून आलेली हेमंतची भावंडं, अंबडच्या कारखान्यातले त्याचे सोबती, आणि आपल्या सोसायटीतल्या सगळ्यांनो,

माझं आयुष्य फळ्यापुढे उभं राहून बोलण्यात गेलं. भूगोल शिकवायचो. पोरं म्हणायची, सरांना तास संपल्याची घंटा ऐकू येत नाही. आज मात्र मला बोलायचं नव्हतं. अध्यक्षांना मी सांगितलं होतं, माझं नाव घालू नका. त्यांनी घातलं. आता उभा राहिलोय तर बोलतो. मध्येच थांबलो तर समजून घ्या.

माझ्याआधी जे बोलले, ते सगळे खरं बोलले. हेमंत शेवाळे मनमिळाऊ होता. मदतीला धावून जायचा. हसतमुख होता. सगळं खरं. पण तिथे बसून ऐकताना मला राग येत होता. हो, राग. कारण हे कुणाहीबद्दल बोलता येतं. उद्या मी गेलो तर माझ्याबद्दलही हेच बोलाल, आणि मी तर हसतमुख नाही.

आणि सगळे म्हणाले, त्याच्या आत्म्याला शांती लाभो. अहो, त्याला शांती कधी आवडली? शांतपणे चाललेलं यंत्र दिसलं की त्याचं झाकण उघडून बघणारा माणूस तो.

माझा हेमंत भांडखोर होता. आम्ही दोघं समोरासमोरच्या इमारतींत राहिलो आणि इतकी वर्षं एकाच गोष्टीवरून भांडलो. ती ऐकून काहींना हसू येईल. हसा. त्याला चाललं असतं. आम्ही भांडलो ते घरच्या संगणकात कुठलं लिनक्स घालावं यावरून.

शोकसभेत हे काय काढलं, असं वाटेल. पण मला दुसरं काही सांगता येत नाही. आणि या भांडणातून एक प्रश्न माझ्यापुढे उभा राहिलाय, तो आज इथे तुमच्यासमोर मांडायचाय. वहिनींना विचारून मांडतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मास्तर आहे, समजावल्याशिवाय राहवत नाही. संगणकाच्या आत सगळा कारभार बघणारी एक मूळ व्यवस्था लागते. बहुतेकांच्या घरी ती विकतची असते. लिनक्स फुकटचं. जगभरच्या लोकांनी मिळून वाढवलेलं. त्याचे वाण पुष्कळ आहेत, पण घरी वापरणाऱ्यापुढे निवड असते ती दोन तऱ्हांची. एक स्थिर वाण. त्यात येणारी प्रत्येक गोष्ट आधी महिनोन्‌महिने तपासलेली असते, तिचे दोष काढलेले असतात. जुनी असते, पण दगा देत नाही. दुसरा ताजा वाण. जगात कुणी आज काही नवीन केलं की उद्या ते तुमच्या घरात. छान असतं. आणि कधी बिघडेल ते सांगता येत नाही.

मी पहिल्या वाणाचा. तो दुसऱ्या.

हेमंत बागलाणातला. त्याने पहिल्याच भेटीत दोन्ही वाणांचं बारसं करून टाकलं. म्हणाला, "मास्तर, तुना उन्हाळ, मना लाल." तुझा उन्हाळ, माझा लाल. आपल्या नाशकात हे कुणाला समजवायला नको. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरला की पावसाळा काढतो. लाल कांदा आज काढला, आज विकला. थांबला की गेला. मी त्याला म्हणायचो, टिकत नाही ते काय कामाचं? तो म्हणायचा, "पण मास्तर, ताज्या लाल कांद्याची चव..." आणि तिथेच थांबायचा. पुढे काही सांगायची गरजच नाही, असा चेहरा करून.

रोज सकाळी मी गॅलरीत आलो की तो समोरच्या गॅलरीतून ओरडायचा, "काय मास्तर, कांदा कसा आहे?" मी म्हणायचो, "चाळीत आहे, जागेवर आहे." तो म्हणायचा, "माझा आज नवीन उतरला!" खालच्या मजल्यावरचे बरेच दिवस समजत होते की आम्ही दोघं आडतीचा धंदा करतो.

एकदा मी त्याला नीट विचारलं. अरे, तू कारखान्यात मेंटेनन्सला. तुझी तर नोकरीच यंत्रं बंद पडू नयेत याची. मग घरी हा उद्योग कशाला? तो म्हणाला, "म्हणूनच. तिथे मी दिवसभर बघतो की काही बदलायला नको. तोच पट्टा, तोच नट, तोच आवाज. काही हललं की साहेब ओरडतो. घरी तरी काहीतरी हलू दे ना!"

मला नव्याचा राग आहे, हे मान्य. रस्ता खोदला की राग, दुधाच्या पिशवीचा रंग बदलला तरी राग. पण त्या दिवशी मला हेमंत कळला. मी त्याला ते सांगितलं नाही, कारण भांडण संपलं असतं, आणि भांडण संपलेलं आम्हां दोघांनाही नको होतं.

त्याच्या लाल कांद्याच्या गोष्टी किती सांगू?

खंडेनवमीला वहिनी त्याच्या पान्यांना, पकडींना हळदकुंकू लावायच्या आणि त्यांच्या पंगतीत संगणकालाही. त्या दिवशी हत्याराला विश्रांती. हात लावायचा नाही. आता हा माणूस काय म्हणाला असेल? "मी हात लावत नाही, नुसतं एक बटण दाबतो." वहिनी नैवेद्य आणायला आत गेल्या, याने नवीन माल उतरवायला घेतला, आणि पडदा काळा पडला. काळ्या पडद्यावर हळदकुंकवाची दोन बोटं आणि वर झेंडूचं फूल. वहिनी ताट घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, "बघा. हत्यारालासुद्धा राग येतो." दुसऱ्या दिवशी मी सोनं द्यायला गेलो तर हा त्या काळ्या पडद्यासमोर बसलेला. आपट्याचं पान माझ्या हातात ठेवून म्हणाला, "मास्तर, एक शब्द बोलायचा नाही." मी एक शब्दही बोललो नाही. नुसता हसलो. पुढे कितीतरी दिवस गॅलरीतून कांद्याची चौकशी बंद होती.

आणि जावईबापू, तुम्हाला तर आठवत असेलच. तुमच्याकडची मंडळी पहिल्यांदा व्हिडिओवर मृणालला बघणार होती. हेमंतने सकाळीच नवीन काहीतरी घातलं होतं. चित्र लख्ख दिसत होतं आणि आवाज गुल. तुमच्या आईंचे ओठ हलतायत, इकडे सगळे माना डोलावतायत. कुणालाच कळत नव्हतं की कशाला हो म्हणतोय. वहिनी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. नंतर तुमच्या आई म्हणाल्या, मुलगी फार कमी बोलते, आम्हाला पसंत आहे. मृणाल, आता हसलीस ना? तुझा बाप टेबलाखाली शिरून तारा उपसत होता तेव्हा. तारांचा काही संबंध नव्हता, पण त्याला टेबलाखाली शिरल्याशिवाय काही दुरुस्त केल्यासारखं वाटायचं नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती त्याच्या घरी गेलेल्या सगळ्यांना माहीत आहे.

बिघडलेलं दुरुस्त केलं की तो संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा. त्याचा संगणक म्हातारा. उठायला वेळ घ्यायचा. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. कुकरची शिट्टी व्हायला आली तर वहिनी गॅस बंद करायच्या. पाहुणा असो, पोस्टमन असो, गप्प. ही सवय कारखान्यातली. मोठं यंत्र बंद पडून पुन्हा चालू होताना सगळे गप्प उभे राहतात, कारण ते नीट चालणार की नाही हे आधी आवाजावरून कळतं. हेमंत टेबलावर हात ठेवून, मान कलती करून, आतल्या पंख्याचा आवाज ऐकत बसायचा. आम्ही त्याच्याकडे बघत. आणि पडदा उजळला की तो जोरात म्हणायचा, "उठना!"

नवीन माणसाला वाटायचं, हा हिंदी बोलतोय. हिंदी नाही. अहिराणी. आपण म्हणतो उठला, त्यांच्याकडे म्हणतात उठना. एरवी तो आपल्यासारखंच बोलायचा. पण आनंद झाला की गावाकडचं तोंडात यायचं. "उठना!" मग कुकर, मग चहा, मग सगळ्यांचं बोलणं एकदम सुरू.

किती वेळा ऐकलं असेल मी ते? मोजलं नाही. मोजायची वेळ येईल असं कुठे वाटलं होतं?

मग तो आजारी पडला. ते तुम्हाला माहीत आहे, त्यात शिरत नाही. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक जुना, माहितीतला उपचार. बरं करणार नाही, पण काही दिवस वाढवेल. दुसरं नवीन औषध. त्याबद्दल ते स्वतःही छातीठोकपणे काही सांगत नव्हते, आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलंही. हेमंतने काय निवडलं असेल? मला विचारलंसुद्धा नाही. गॅलरीतून ओरडला, "लाल!"

ते लागू पडलं नाही. दोष कुणाचाच नाही. त्याचाही नाही. संगणक बिघडला की कालचा होता तसा करता येतो. माणूस करता येत नाही, एवढंच.

त्यानंतर एका दुपारी त्याचा फोन आला. गॅलरीत यायचं बळ उरलं नव्हतं. म्हणाला, "मास्तर, तुझा उन्हाळ घेऊन ये."

मला वाटलं थट्टा करतोय. पेन ड्राइव्ह खिशात टाकून गेलो. तो दिवाणावर पडला होता. म्हणाला, "बसव."

"कशात?"

"माझ्या मशीनमध्ये."

मी म्हणालो, "डोकं फिरलंय का तुझं? बरा झाल्यावर मलाच शिव्या देशील."

तो हळू बोलला, आत वहिनींना ऐकू जाऊ नये म्हणून. "सुनंदाला रोज मृणालशी बोलायचं असतं. मी नसताना हे बिघडलं तर ती कुणाला बोलावणार? तुला? तुला तर आवाज गेला तरी परत आणता येत नाही. आजवर बिघडत होतं ते चाललं, मास्तर. कारण मी होतो."

मंडळी, इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकलो. मी बरोबर ठरलो. त्याच्याच तोंडून ठरलो. असं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. डॉक्टरांनी सांगून मला जे पटलं नव्हतं, ते मला त्या क्षणी पटलं. हेमंत शेवाळे उन्हाळ मागतोय म्हणजे हेमंत शेवाळे चालला.

मी बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या संगणकाला मी हात लावला आणि तो पडून बघत होता. झाल्यावर बंद करून पुन्हा चालू केला. आम्ही गप्प बसलो. वहिनी आतून आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. त्यांनाही गॅस बंद करून यायची सवय. पंखा फिरला. पडदा उजळला. स्वच्छ, व्यवस्थित, एका फटक्यात. आणि हेमंत काही बोललाच नाही.

आम्ही वाट बघतोय. तो नुसता बघतोय. शेवटी मला ते सहन झालं नाही. मीच म्हणालो, "उठला."

तो म्हणाला, "तुझ्या तोंडी शोभत नाही."

मग माझा हात धरला. म्हणाला, "आता यात नवीन काही घालायचं नाही. कुणीही सांगितलं तरी. शब्द दे." मी दिला.

हेमंत गेला. दिवस झाले, पाहुणे परतले. मृणालही गेली होती, आजसाठी पुन्हा आली आहे. मधल्या दिवसांत मी गॅलरीत जायचं सोडलं. मागच्या आठवड्यात वहिनींचा निरोप आला, भाऊजी, जरा येऊन जा. मी पहिलं विचारलं काय? संगणक नीट चालतोय ना? माणूस काय विचारेल, हे त्याच्या हातात नसतं.

वहिनी म्हणाल्या, "तेच दाखवायला बोलावलंय." त्यांनी चालू केला. खुर्चीत बसल्या, हात मांडीवर. मीही गप्प. पडदा उजळला. घरात कुणी काही म्हणालं नाही. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे बिघडतच नाही हो."

मी म्हणालो, "चांगलंच आहे ना, वहिनी." मूर्ख माणूस. आयुष्यभर पोरांना शिकवलं, आणि समोरच्या बाईला काय म्हणायचंय ते कळत नाही.

त्या म्हणाल्या, "काय चांगलं? आधी सारखं काहीतरी व्हायचं. मी चिडायचे. म्हणायचे, अहो, या बघू इकडे, पुन्हा गेलं तुमचं. आणि ते यायचे. आंघोळ टाकून यायचे, जेवणावरून उठून यायचे. आता हाक मारायला कारणच राहिलं नाही. रोज लावते, रोज लागतं. मृणाल दिसते, मृणालचा आवाज येतो. सगळं नीट आहे, भाऊजी. मी काय करू या सगळं नीट असण्याचं?"

मग म्हणाल्या, "हे काढा. त्यांचंच परत बसवा. बिघडू दे."

हा माझा प्रश्न आहे. त्याला मी शब्द दिलाय, आणि त्याची बायको मला तो शब्द मोडायला सांगतेय. त्याने तिची काळजी केली म्हणून ते स्थिर बसवून घेतलं. आणि तेच स्थिर तिला खायला उठतंय. चूक कुणाची? त्याची? तिची? मी रोज रात्री हाच विचार करत पडतो, आणि मला कुणाचीही चूक सापडत नाही. चूक सापडली असती तर दुरुस्त तरी केली असती.

लोक म्हणतात, वेळ जाऊ द्या, वेळ हेच औषध. मी म्हणतो, नसतं. वेळ जातो, एवढंच. उन्हाळ कांदा टिकतो म्हणून मी जन्मभर मिरवलं. पण तोही शेवटी चाळीतच सडतो. जरा उशिरा, एवढाच काय तो फरक. हे हेमंतला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. मला खरंच वाटत होतं की जपून वागलं, नवीन काही शिरू दिलं नाही, तर काही जाणार नाही.

वहिनी, मी ठरवलंय. तुम्हाला अजून सांगितलं नव्हतं, सगळ्यांसमोर सांगतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. उद्या सकाळी मी येतो. त्याचं लाल परत बसवतो. त्याला दिलेला शब्द मोडतो. वर भेटलाच तर भांडेल, भांडू दे. तेवढ्यासाठी तरी भेटू दे.

ते बिघडेल. तुम्ही हाक मारा. जोरात मारा, तशीच, "अहो, या बघू इकडे" अशीच. मी समोरच राहतो, ऐकू येईल. मी येईन. पण वहिनी, येणारा मी असेन. मी टेबलाखाली शिरेन, मला काही कळणार नाही, आणि तुम्हालाही कळेल की हाक ज्याला मारली तो आलेला नाही. यातून बरं काहीच होणार नाही. नुसतं घरात पुन्हा काहीतरी बिघडलेलं असेल. एवढंच मला देता येतं, आणि तेवढं देतो.

अध्यक्षमहाराज, आता आपण मौन पाळणार. तुम्ही घड्याळ लावून दोन मिनिटं म्हणाल. माझी विनंती आहे, घड्याळ लावू नका. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी या माणसाच्या घरात असं गप्प राहून वाट बघितली आहे. ती शांतता कधी संपायची हे दर वेळी तोच सांगायचा. आज सांगणारा नाही. म्हणून कुणी 'शांती' म्हणून संपवूही नका. आपण उभे राहू. पंख्याचा आवाज येतोय तो ऐकू. आणि ज्याला जेव्हा मनापासून कळेल की आता तो शब्द ऐकू येणार नाही, त्याने तेव्हा खाली बसावं. वहिनी बसल्याशिवाय मी बसणार नाही.

हेमंत, तुझा तो शब्द मला तुझ्यासारखा म्हणता आला नाही. तूच म्हणालास, शोभत नाही. मला अहिराणी येत नाही रे. त्याच आवाजाचं माझ्या मराठीत जे होतं, तेवढंच मला येतं.

ऊठ ना.